किडनी बदलल्यानंतर घरात कोविडपासून कसं जपायचं?

प्रश्न सिडकोतल्या एका ताईंचा आहे. त्यांच्या मिस्टरांचं वय ४१. सासूबाईंनी किडनी दिली, नऊ आठवड्यांपूर्वी मुंबईत ट्रान्सप्लांट झालं आणि मागच्या महिन्यात मंडळी नाशिकला घरी परतली. घर दोन खोल्यांचं, त्यात सासू-सासरे आणि शाळेत जाणारी दोन मुलं. गेल्या आठवड्यात समोरच्या फ्लॅटमध्ये दोघांना कोविड निघाला. ताई विचारतात: २०२१ मध्ये डायलिसिसवर असताना मिस्टरांचे कोविशिल्डचे दोन डोस झालेत, ते पुरेत का? भेटायला येणाऱ्यांना कसं थांबवायचं? गुळवेलीचा काढा सुरू करू का? ते दुकानात कधी बसू शकतील? आणि एवढं करूनही झालाच तर काय?

ताई, मी गेली अठरा वर्षं नाशिकमध्ये किडनीविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमचा शेवटचा प्रश्न मी पहिला घेते. लक्षणं दिसल्यावर पहिल्या दोन दिवसांत घरात काय होतं, त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं, आणि ते आज शांतपणे ठरवून ठेवता येतं.

आजच एक कागद फ्रिजवर लावा. त्यावर मुंबईच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचा नंबर, इथल्या डॉक्टरांचा नंबर आणि चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव, डोस, वेळ लिहा. शेवटचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) आणि टॅक्रोची, म्हणजे शरीराने किडनी नाकारू नये म्हणून चालू असलेल्या टॅक्रोलिमसची, रक्तातली शेवटची लेव्हल तारखेसकट लिहा. रात्री अकराला ताप चढला की फाइल कुठे ठेवली ते आठवत नाही, आणि फोनवरचा डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतो.

ताप १००.४ पर्यंत गेला, घसा धरला, खोकला लागला, जुलाब सुरू झाले, तर त्याच दिवशी फोन करायचा. ‘उद्यापर्यंत वाट बघू’ हे तुमच्या घरात आता चालणार नाही. मिस्टर स्टेरॉइडची गोळी घेत असतील, तिने ताप दबतो. ९९.५ ताप आणि जेवणावरची वासना उडालेली, एवढ्याच तक्रारीवर आलेल्या रुग्णाच्या एक्स-रेमध्ये न्यूमोनिया निघालेला मी पाहिला आहे. म्हणून आकड्याइतकंच माणसाकडेही बघा. रोज सकाळी खुर्चीत बसून पेपर वाचणारा माणूस नऊ वाजले तरी अंथरुणातून उठला नाही, तर तेही लक्षणच.

घरी रॅपिड किट ठेवा. पॉझिटिव्ह आलं तर ते खरं धरायचं. निगेटिव्ह आलं तर मात्र निश्चिंत होऊ नका, त्याच दिवशी आरटी-पीसीआरला नमुना द्या. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असेलच. नेहमीचा आकडा किती असतो ते आता, बरे असतानाच पाहून ठेवा. ९४ च्या खाली गेला तर फोनात वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठायचं.

एवढी घाई औषधासाठी. विषाणूवरची औषधं विषाणू वाढत असतानाच काम करतात. रेमडेसिविर सलाईनमधून ओळीने तीन दिवस देतात, पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत सुरू व्हायला हवं. २०२१ च्या एप्रिलमध्ये याच इंजेक्शनसाठी आपल्या गावात मेडिकलसमोर रांगा लागल्या होत्या, तुम्हालाही आठवत असेल. तेव्हा ते बहुतेकांना आजार छातीत उतरल्यावर मिळालं, आणि त्या टप्प्यावर त्याचा उपयोग तोकडाच. तेच इंजेक्शन सुरुवातीच्या दिवसांत, धोक्यातल्या माणसाला दिलं, तर आजार वाढून भरती होण्याची वेळ बहुतेकदा टळते. औषध एकच, फरक वेळेचा.

दुसरं औषध गोळ्यांचं आहे, निर्मॅट्रेल्विर आणि रिटोनाविरची जोडी, पॅक्सलोविड नावाने गाजलेली. ती पाच दिवसांच्या आत सुरू करतात. इथे मला जरा थांबून सांगायचंय. मिस्टरांच्या टॅक्रोलिमसचं विघटन यकृतातलं एक एन्झाइम करतं. रिटोनाविर नेमकं तेच एन्झाइम अडवतं. रोजचीच गोळी रोजच्याच मापात घेतली, तरी रक्तातली टॅक्रोची पातळी कितीतरी पटीने चढते आणि किडनीलाच विषारी ठरते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले. दुसरीकडे कुणीतरी त्यांना हा कोर्स लिहून दिला होता, किडनीच्या गोळ्यांची चौकशी न करता. चौथ्या दिवशी ते माझ्यासमोर बसले तेव्हा हात इतके थरथरत होते की कपातला चहा बशीत ओतता येईना. क्रिएटिनिन चढलेलं. कोविड तसा सौम्यच होता. टॅक्रो काही दिवस पूर्ण थांबवून, लेव्हल पुन्हा पुन्हा तपासत ती किडनी आम्ही वाचवली. हे औषध वाईट नाही. टॅक्रो कधी थांबवायचं आणि कधी परत सुरू करायचं हे जाणणारी टीम असेल तर ते देता येतं. पण माझा कल रेमडेसिविरकडेच असतो, कारण त्याची टॅक्रोशी अशी टक्कर होत नाही.

हाच नियम मेडिकलमधून आणलेल्या साध्या गोळीलाही लागू. तापाला पॅरासिटामॉल चालतं. ब्रूफेन, डायक्लोफेनॅक आणि ‘अंगदुखीची चांगली गोळी’ म्हणून मिळणारं बहुतेक काही चालत नाही, ते किडनीला इजा करतं. क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक आणि बुरशीवरच्या बऱ्याच गोळ्या टॅक्रो चढवतात. फॅमिली डॉक्टर कितीही जुने आणि आपुलकीचे असोत, त्यांनी लिहिलेली औषधांची चिठ्ठी आधी आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि मगच गोळी द्या. कोविडमध्ये जुलाब लागले तरी टॅक्रोची लेव्हल चढते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. तेव्हा जुलाब ओआरएसवर भागवत बसू नका, लेव्हल तपासावी लागेल.

आणि गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. कोविड निघाला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘या गोळ्या प्रतिकारशक्ती मारतात ना, मग चार दिवस नको देऊस.’ आम्ही कधीकधी त्यांतली मायकोफेनोलेट ही गोळी खरंच कमी करतो किंवा काही दिवस थांबवतो. पण ते आजार किती आहे, ट्रान्सप्लांटला किती दिवस झाले, आधी रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, आलं होतं का, हे सगळं बघून. नवव्या आठवड्यात घरच्या घरी गोळी बंद करणं म्हणजे सासूबाईंनी दिलेली किडनी हातची घालवणं.

यातूनच काढ्याचं उत्तर येतं. शरीराच्या राखणदाराला ही किडनी परकी वाटते, आईची असली तरी. त्याला गुंगीत ठेवण्यासाठी या महागड्या गोळ्या चालल्या आहेत. एका हाताने त्याला झोपवायचं आणि दुसऱ्या हाताने ‘इम्युनिटी वाढवणारा’ काढा पाजून उठवायचं, हे कसं चालेल? गुळवेल, अश्वगंधा आणि तसली चूर्णं या घरात नकोत. शिवाय गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे, तीही ट्रान्सप्लांट नसलेल्या माणसांची. हळद, आलं, सुंठ स्वयंपाकात जेवढी पडते तेवढी पडू द्या, त्याने काही होत नाही.

फळांचाही एक घोळ इथेच सांगते, कारण तो नाशिकलाच जास्त होतो. डिस्चार्जच्या कागदावर ‘ग्रेपफ्रूट खाऊ नये’ असं लिहिलेलं असतं. पिंपळगावकडचे एक बागायतदार वाचून घरी गेले आणि त्या अख्ख्या हंगामात स्वतःच्या बागेतला द्राक्षाचा एक मणी त्यांनी तोंडात घातला नाही. मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. ग्रेपफ्रूट हे संत्र्या-मोसंब्याच्या कुळातलं फळ, द्राक्षाशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ म्हणजे पपनस. गणपतीत येतं ते. पपनस टाळा, तेही टॅक्रो चढवतं. द्राक्षं मणी सुटे करून, दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा आणि पोटॅशियम, साखर आटोक्यात असेल तर खुशाल द्या. या गोळ्यांनी साखर वाढते, म्हणून वाटीभरच.

आता लस. २०२१ चे दोन डोस वाया गेले नाहीत, पण आज त्यांच्यावर विसंबता येणार नाही. ते डायलिसिसवर असताना घेतलेले, म्हणजे तेव्हाही शरीर थकलेलंच होतं. त्यानंतर विषाणू बदलला, आणि आता या गोळ्या. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये अवयव प्रत्यारोपण झालेल्या ६५८ जणांची तपासणी केली होती. एमआरएनए या, कोविशिल्डहून वेगळ्या प्रकारच्या लशीच्या पहिल्या डोसनंतर अवघ्या १५ टक्क्यांच्या आणि दुसऱ्यानंतर ५४ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) सापडली. निरोगी माणसांत दोन डोसांनंतर ती जवळपास सगळ्यांच्याच रक्तात दिसतात. मायकोफेनोलेट घेणाऱ्यांत प्रतिसाद आणखी कमी होता. म्हणून पुढचा डोस घ्यायचाच, फक्त वेळ बघून. ट्रान्सप्लांटनंतर निदान एक महिना थांबतात. सुरुवातीला एटीजीचं, म्हणजे प्रतिकारशक्ती जोरात दाबणारं इंजेक्शन दिलं असेल तर साधारण तीन महिने, रिटुक्सिमॅब हे तसंच दुसरं इंजेक्शन दिलं असेल तर आणखी लांब. यातलं काय दिलं ते डिस्चार्ज कार्डावर असेल, नसेल तर मुंबईला विचारा. लस सध्या सगळीकडे सहज मिळत नाही, तेव्हा फोन करून चौकशी केल्याशिवाय त्यांना घेऊन फिरू नका. फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी घ्या, न्यूमोनियाच्या लशीचंही विचारून ठेवा. गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत विषाणूच्या लशी मात्र त्यांना आता द्यायच्या नाहीत. लशीनंतर प्रतिपिंडं तपासून घेण्यात पैसे घालू नका. आकडा कितीही आला तरी मास्क सुटणार नाही आणि डोस चुकणार नाही.

लस त्यांच्या अंगात अर्धीच धरत असेल, तर बाकीची त्यांच्याभोवतीच्या माणसांत धरायला हवी. तुमच्या, सासऱ्यांच्या, मुलांच्या अंगात ती चांगली धरते. तुम्ही सगळ्यांनी फ्लूची घ्या, कोविडची मिळेल तेव्हा घ्या.

सासूबाईंकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून त्यांचं वेगळं लिहिते. किडनी देणाऱ्या बाईचंही ऑपरेशन झालंय, पण घरातली सगळी धावपळ मुलासाठी. त्यांना प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या नाहीत, त्यामुळे त्यांची लस नेहमीसारखी काम करेल. पण त्यांना ताप आला, गुडघे दुखले, तर ब्रूफेन त्यांनाही नको. आता त्यांच्याकडे एकच किडनी आहे. त्यांचं बीपी, लघवी आणि क्रिएटिनिन दरवर्षी तपासा.

घरातल्या हवेबद्दल. कोविड मुख्यतः हवेतून पसरतो. २०२० मध्ये आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो, ते आता सोडून दिलंत तरी चालेल. हात मात्र धुवा, पोटाचे बाकीचे आजारही त्यांना झेपणारे नाहीत. दोन खोल्यांत खरी लढाई खिडकीची आहे. निफाडला पारा उतरला की नाशिकमध्ये घराघरांतल्या खिडक्या बंद होतात आणि सहा माणसं तीच हवा रात्रभर आत-बाहेर करतात. मिस्टरांना स्वेटर घाला, कानटोपी घाला, पण खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. एक साधी परीक्षा करून बघा. ते बाहेर फिरायला गेले असताना एक उदबत्ती लावून खोलीच्या मध्ये धरा. धूर हळूहळू खिडकीकडे किंवा एक्झॉस्टकडे ओढला गेला तर हवा फिरते आहे. तो डोक्यावरच घुटमळत राहिला तर टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून लावा आणि पुन्हा बघा. झालं की उदबत्ती विझवा, त्यांच्या खोलीत रोजचा धूर नको.

समोरच्या फ्लॅटमुळे फार घाबरू नका. जिन्यात आणि लिफ्टमध्ये मात्र मास्क हवाच, आणि लिफ्टमध्ये शक्यतो एकट्यानेच जावं. मुलांपैकी कुणाला सर्दी झाली तर त्याचं अंथरूण आजोबांच्या खोलीत न टाकता तुमच्याजवळ टाका, वयाच्या माणसालाही धोका असतोच. मिस्टर दुसऱ्या खोलीत, दार लावून, खिडकी उघडी. त्या दिवसांत तुम्ही दोघांनीही मास्क लावा. त्याला रागवू मात्र नका. ‘बाबांना तुझ्यामुळे झालं’ हे वाक्य एका मुलाने माझ्या ओपीडीत रडत सांगितलं होतं. ते कुणी त्याच्या कानावर घातलं होतं, हे मी विचारलं नाही.

मास्क एन-९५ हवा, कानांऐवजी डोक्यामागून दोन पट्टे जाणारा. कानातल्या पट्ट्यांचा बहुतेकदा सैल बसतो. घातल्यावर नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची, मग जोरात श्वास सोडायचा. चष्म्यावर वाफ आली तर वरून फट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या चष्म्यावर वाफ असते. दाढी असेल तर मास्क कधीच नीट बसत नाही, तेव्हा मिस्टरांना सांगा, हे सहा महिने दाढी काढा. मास्क ओला झाला, मळला, इलॅस्टिक ढिलं पडलं की टाकून द्या, धुऊ नका.

पाहुण्यांचं तुम्हाला जड जातंय हे मला कळतं. सुनेने दारातून परत पाठवलं, ही गोष्ट आपल्याकडे पुढच्या दहा लग्नांत सांगितली जाते. म्हणून हा वाईटपणा मी माझ्याकडे घेते. माझ्या पॅडवर, सही-शिक्क्यानिशी, मोठ्या अक्षरांत लिहून देते: ‘रुग्णाला सहा महिने भेटायला येऊ नये. फोन करावा.’ तुमचे डॉक्टरही देतील, मागून घ्या आणि दारावर बाहेरून लावा. अगदी सख्खे आले तर गच्चीवर खुर्च्या टाका, चहा तिथेच. संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा जाऊबाईंकडे होऊ द्या. आणि सिंहस्थ तोंडावर आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नानं असतील तेव्हा नाशिकच्या प्रत्येक घरात गावाकडची माणसं उतरतील. तुमच्या घरी नकोत, हे आत्तापासून सांगून ठेवा. रामकुंडात त्यांनी उतरू नये. तीर्थ घरी आणलं तर अंगावर दोन थेंब शिंपडा, प्यायला देऊ नका.

मुंबईच्या तपासणीला जाताना पंचवटी एक्स्प्रेसचा भरलेला डबा या पहिल्या महिन्यांत टाळा. परवडत असेल तर गाडी करा, काचा थोड्या खाली, ड्रायव्हरलाही मास्क द्या. रेल्वेनेच जायचं झालं तर मास्क नाशिकरोडला चढवायचा तो मुंबईत उतरल्यावरच काढायचा, आणि मधे डबा उघडायचा नाही. टॅक्रोची लेव्हल तपासायला रक्त देण्याआधी सकाळची टॅक्रोची गोळी घ्यायची नसते, ती सोबत न्यायची. रक्त दिल्यावर गोळी घ्या आणि खाणं बाहेर, मोकळ्यावर. प्रत्येक तपासणीला मुंबईला जायलाच हवं का, हेही विचारा. मधली रक्तं नाशिकमध्ये देऊन रिपोर्ट पाठवता येतात.

त्यांना खोलीत कोंडून मात्र ठेवू नका. पहाटे गर्दी नसलेल्या मोकळ्या मैदानावर अर्धा तास चालू द्या. तिथे आसपास कुणी नसेल तर मास्कही नको. घरात बसून बसून माणूस खचतो, आणि खचलेला माणूस गोळ्या चुकवतो.

राहिलं दुकान. पहिले तीन महिने नाही. तीन ते सहा महिन्यांच्या मधे, रिजेक्शन आलं नसेल आणि क्रिएटिनिन स्थिर असेल, तर डॉक्टरांना विचारून रोज दोन तासांपासून सुरुवात करा. ग्राहक कमी असतात ती दुपारची वेळ निवडा. मधेच रिजेक्शन येऊन पुन्हा जोरदार औषधं द्यावी लागली, तर हे महिने पहिल्यापासून मोजायचे. गल्ला मागच्या भिंतीपासून काढून शटरजवळ आणा, उजेडाकडे. मिस्टरांच्या पाठीमागे टेबलफॅन असा लावा की वारा त्यांच्याकडून ग्राहकाकडे आणि तिथून रस्त्यावर जाईल. काउंटर दोन हात रुंद असला तर उत्तम. उधारीची वही आणि गप्पा मारायला येणारी मंडळी सासऱ्यांनी सांभाळावीत, मास्क लावून.